ब्रेस्ट पंप: इन्शुरन्समधून भाड्याने घ्यावा की कायमचा? (अमेरिका)

रानजाई

मंडळी, अमेरिकेतल्या इन्शुरन्सवर ब्रेस्ट पंप घ्यायचा आहे. नवऱ्याच्या कंपनीचा पीपीओ (नेटवर्कबाहेरही जाता येतं असा) प्लॅन आहे. शेवटची तिमाही चालू आहे, जुळी आहेत, आणि वेळेआधी होतील असं धरूनच चाला असं डॉक्टर म्हणतात. इन्शुरन्सला फोन केला की "कव्हर्ड आहे, रेंटल ऑर पर्चेस" एवढंच उत्तर येतं. सप्लायरच्या साइटवर काही पंप शून्य डॉलर, काहींवर 'अपग्रेड'चे वरचे पैसे, आणि हॉस्पिटल ग्रेड फक्त भाड्याने. भाड्याचा घेतला तर स्वतःचा मिळायचा हक्क जातो का? शून्य डॉलरवाला जुळ्यांना पुरेल का? ऑर्डर आत्ताच टाकायची की बाळं झाल्यावर?

बिलिंगवाली

"रेंटल ऑर पर्चेस" हे फोनवरचं पाठ केलेलं वाक्य आहे, त्यावर काही ठरवू नकोस. इन्शुरन्सच्या सिस्टिमला कोड कळतात, बाकी काही नाही. ई०६०२ म्हणजे हाताने दाबायचा पंप, ई०६०३ म्हणजे इलेक्ट्रिक, ई०६०४ म्हणजे हॉस्पिटल ग्रेड. कोडच्या मागे दोन अक्षरं लागतात: एनयू असेल तर नवा विकतचा, आरआर असेल तर भाड्याचा.

बहुतेक प्लॅनमध्ये ई०६०३ हा एनयू लावून एका गरोदरपणामागे एक मिळतो, आणि डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनपलीकडे काही लागत नाही. ई०६०४ हा आरआर लावून महिन्यामहिन्याने बिल होतो, त्याला प्रायर ऑथोरायझेशन, म्हणजे प्लॅनची आधी घेतलेली परवानगी, लागतं. या दोन वेगळ्या ओळी आहेत, म्हणून एक घेतल्यावर दुसरी आपोआप रद्द होत नाही. पण "दोन्हींपैकी एकच" अशी अट घालणारे प्लॅनही आहेत, आणि तिथे भाड्याचा पहिला महिना बिल झाला की पर्चेसचा हक्क संपतो. तेव्हा फोनवर "पंप मिळेल का" असं विचारूच नकोस. असं विचार: "ई०६०३ एनयू आधी घेतला आणि नंतर ई०६०४ आरआर लागला, तर दोन्हींचे पैसे द्याल का? ई०६०४ ला किती महिन्यांची मर्यादा आहे? ऑथोरायझेशन कोणी मागायचं, डॉक्टरांनी की सप्लायरने?" उत्तर देणाऱ्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहून ठेव. पुढे क्लेम अडला तर हाच नंबर उपयोगी पडतो.

ऑर्डर आत्ताच टाक. काही प्लॅन शेवटची तिमाही लागली की पाठवतात, काही ड्यू डेटच्या ३० दिवस आधी, काही डिलिव्हरीनंतरच. सप्लायर ऑर्डर धरून ठेवतो आणि तारीख आली की पाठवतो. प्रिस्क्रिप्शन ओबी (प्रसूतीचे डॉक्टर), मिडवाइफ किंवा नर्स प्रॅक्टिशनर कोणाचंही चालतं. त्यावर निदानाचा कोड झेड३९.१ असला की पुढचे फोन वाचतात. आणि हो, पंप आईमागे एक मिळतो. जुळी आहेत म्हणून दोन देत नाहीत.

तिखट_लिंबू

बिलिंगवाली, थोडी भर घालतो, कारण "माझ्या प्लॅनमध्ये नाही म्हणाले" असं सांगणारे दर धाग्यावर येतात.

हा हक्क २०१०च्या अफोर्डेबल केअर कायद्यातला आहे आणि १ ऑगस्ट २०१२ पासून पुढे सुरू झालेल्या प्लॅन-वर्षांना लागू झाला. प्रिव्हेंटिव्ह सेवेत मोडतो, म्हणून नेटवर्कमधून (प्लॅनशी करार असलेल्या सप्लायरकडून) घेतल्यास को-पे (दर वेळी आपण भरायचा वाटा) नाही आणि डिडक्टिबलही (प्लॅन पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) आड येत नाही, हाय डिडक्टिबल प्लॅन असला तरी. केंद्र सरकारच्या खुलाशात भाडं आणि खरेदी दोन्हींचा खर्च धरलेला आहे, तोही अंगावर पाजणं चालू असेपर्यंत. डिसेंबर २०२१मध्ये मार्गदर्शक सूचना सुधारल्या, त्या २०२३पासूनच्या प्लॅन-वर्षांना लागतात. त्यात डबल इलेक्ट्रिक पंप, त्याचे सुटे भाग, देखभाल आणि दूध साठवण्याचं साहित्य हे सगळं नाव घेऊन लिहिलं आहे. शिवाय "आधी हाताचा वापरून बघा, नाही जमलं तर इलेक्ट्रिक देऊ" ही अट घालू नये असंही स्पष्ट म्हटलंय. फोनवर कोणी ई०६०२ गळ्यात मारायला लागलं तर हेच वाक्य ऐकवायचं.

सुटतात ते हे: २३ मार्च २०१०च्या आधीपासून फारसे बदल न होता चालत आलेले 'ग्रँडफादर्ड' प्लॅन, शॉर्ट टर्म प्लॅन, आणि आईवडिलांसाठी घेतात तसला व्हिजिटर इन्शुरन्स. मेडिकेडचे (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्याचे) नियम राज्यागणिक बदलतात. डब्ल्यूआयसीची (आई-बाळांच्या सरकारी पोषण योजनेची) पात्रता असेल तर तिथेही पंप उसना मिळू शकतो. एच-४ वरची (एच-१बी कामगाराच्या जोडीदाराच्या व्हिसावरची) बायको नवऱ्याच्या प्लॅनवर डिपेंडंट असेल तर हक्क तोच, व्हिसाचा काही संबंध नाही.

पान्हा

मी लॅक्टेशनच्या बाजूने लिहिते. 'हॉस्पिटल ग्रेड' हा शब्द कंपन्यांचा आहे, एफडीएकडे (औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे) अशी वर्गवारी नाही. एफडीए बघते ते एवढंच की पंप एकीनेच वापरायचा की अनेकींनी. भाड्याने मिळणारे मेडेलाचा सिंफनी किंवा अमेडा प्लॅटिनम हे पंप अनेकींनी वापरायचे: दूध मोटरपर्यंत पोचत नाही, मोटर दिवसातून कितीही वेळा चालवण्यासाठी बनवलेली असते, आणि प्रत्येकीचं किट (स्तनावर बसवायचं फनेल, व्हॉल्व्ह, नळ्या) वेगळं असतं.

ओढीचा आकडा बघून फसू नका. स्पेक्ट्रा एस-२ या पर्सनल (एकीनेच वापरायच्या) पंपाच्या खोक्यावर २७० (मिमी पारा) लिहिलेलं असतं, सिंफनी साधारण २५० पर्यंत जातो. तरीही बाळ अंगावर ओढतच नसेल तेव्हा सुरुवातीला सिंफनीच हातात देतात, कारण फरक ओढीच्या लयीत असतो. त्यात 'इनिशिएट' म्हणून १५ मिनिटांचा कार्यक्रम आहे, तो नवजात बाळासारखा अनियमित, थांबत थांबत ओढतो. लागोपाठ तीन वेळा दोन्ही बाजू मिळून २० मिली किंवा जास्त निघालं, किंवा सहावा दिवस उजाडला, यातलं जे आधी होईल तेव्हा 'मेंटेन'वर, म्हणजे त्यातल्या नेहमीच्या कार्यक्रमावर, जायचं. बऱ्याच ठिकाणी हे बटण कोणी दाखवतच नाही आणि बाई पहिल्या दिवसापासून मेंटेनवर चालवत बसते.

रानजाई, तुझ्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही. स्वतःचा आत्ता इन्शुरन्सवर मागव. बाळं एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) गेली किंवा धरत नसली तर पहिले चार ते सहा आठवडे भाड्याचा वापर. दूध बसलं, म्हणजे पुरेसं आणि नियमित येऊ लागलं, की भाड्याचा परत कर. बाळं पूर्ण दिवसांची झाली आणि नीट ओढायला लागली, तर भाड्याच्या वाटेला जायचीच गरज नाही.

वेळेआधी झाल्यास पहिल्या काही तासांतच पंप लावायचा, २४ तासांत आठ ते बारा वेळा, त्यातला एक तरी रात्री १ ते ५ च्या दरम्यान. पहिले दोन-तीन दिवस मशीनने थेंबच येतात आणि घाबरायला होतं. चीक घट्ट असतो, फनेलला आणि व्हॉल्व्हला चिकटून राहतो. तेव्हा पंप झाल्यावर हाताने पिळून चमच्यात घ्या आणि सुई नसलेल्या सिरिंजमध्ये ओढून नर्सकडे द्या. अर्धा मिली असला तरी. चौदाव्या दिवसापर्यंत दिवसाला ५०० मिली ही खालची रेघ, ७५०च्या पुढे गेलं तर उत्तम. जुळ्यांसाठी वरचीच रेघ धरायची. (डिंकाचे लाडू, अळीव चालू द्या, सासूबाईंना नाराज करू नका. पण दूध वाढतं ते वारंवार रिकामं केल्याने.)

हिशेबी

हॉस्पिटल ग्रेडचं भाडं ऑथोरायझेशन नसेल तर महिन्याला साधारण ७० ते १०० डॉलर, गावागावात फरक. शिवाय किट वेगळं विकत, आणि डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम अडकवतात. म्हणजे खिशातून भरायचं तर तीन महिन्यांत चांगल्या पर्सनल पंपाची किंमत निघून जाते. याउलट सिंफनी विकत घ्यायचा विचार कोणी करत असेल तर करू नका, किंमत हजारांत आहे.

खिशातून जे जाईल ते एचएसए किंवा एफएसए या वैद्यकीय खर्चासाठीच्या करमुक्त खात्यांमधून घ्या. २०११मध्ये आयआरएसने (कर खात्याने) पंप आणि त्याचं साहित्य वैद्यकीय खर्चात धरलं, त्यामुळे भाडं, किट, अपग्रेडचे वरचे पैसे सगळं चालतं. दुकानातून आधी घेऊन मग इन्शुरन्सला पावती पाठवायचा प्रकार शक्यतो टाळा. दुकान नेटवर्कमधला सप्लायर नसतं आणि क्लेम परत येतो.

रानजाई

खूप मदत होतेय. हॉस्पिटलमध्ये वापरलेलं किट घरी आणता येतं का? आणि अपग्रेडमध्ये ते ब्रामध्ये बसणारे वेअरेबल घेऊ का? दोन बाळं सांभाळायची तर हात मोकळे हवेत.

पान्हा

किट तुझंच. एनआयसीयूत पंप हॉस्पिटलचा असतो, पण फनेल, व्हॉल्व्ह, नळ्या तुझ्या नावाने उघडतात, ते घरी आण. भाड्याचा पंप त्याच कंपनीचा घेतलास तर तेच किट लागेल. दुसऱ्या कंपनीचा घेतला तर नवं किट घ्यावं लागेल, म्हणून हॉस्पिटलमध्ये कुठला पंप आहे ते आधीच विचारून ठेव.

वेअरेबल पहिला पंप म्हणून नको. मोटर छोटी, दुधाची वाटी लहान, आणि फनेल नीट मध्यावर बसलंय की नाही ते दिसत नाही. दूध बसल्यानंतर ऑफिससाठी दुसरा म्हणून ठीक. इन्शुरन्स त्याचंही बिल ई०६०३ वरच करतो, म्हणजे वेअरेबल घेतलास की तुझा एकुलता एक हक्क त्यात संपला. हात मोकळे हवेत तर नेहमीच्या पंपावर वीस-तीस डॉलरची पंपिंग ब्रा पुरते.

फनेलच्या मापाकडे कोणी लक्ष देत नाही आणि निम्मी रड तिथलीच असते. खोक्यात बऱ्याचदा २४ आणि २८ मिमीची येतात, लागतात मात्र अनेकींना १५ ते २१. पंप करण्याआधी मिमीच्या पट्टीने फक्त स्तनाग्राची रुंदी मोजायची, भोवतीचा गडद भाग सोडून. त्यात शून्य ते तीन मिमी मिळवले की फनेलचं माप. मोठं झालं तर गडद भाग आत खेचला जातो, सूज येते, दूध कमी निघतं. लहान झालं तर कडा घासतात आणि टोक पांढरं पडतं. नवं फनेल घेण्याआधी सिलिकॉनचे इन्सर्ट लावून बघ, स्वस्तात माप कळतं. दोन बाजूंची मापं वेगळी असू शकतात, आणि काही आठवड्यांनी बदलतातही.

व्हॅक्यूमवाला

"पंप बिघडला, नवा द्या" म्हणून सप्लायरला फोन करण्याआधी ही तपासणी करा. इन्शुरन्स दुसरा पंप देत नाही, आणि बहुतेक वेळा मोटर शाबूत असते.

नळी मशीनच्या तोंडापासून काढा, मशीन चालू करून त्या तोंडावर अंगठा ठेवा. अंगठा जोरात खेचला गेला तर मोटर ठीक आहे, दोष किटमध्ये. एकच बाजू ढिली असेल तर दोन्ही बाजूंची किटं अदलाबदल करा. ढिलेपणा किटबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर किट, तिथेच राहिला तर मशीन.

किटमध्ये पहिला संशय डकबिल व्हॉल्व्हवर. सिलिकॉनचा, चोचीसारखा, टोकाला बारीक चीर. उजेडासमोर धरा. हात न लावता चीर पूर्ण मिटलेली दिसायला हवी, मधून उजेडाची रेघ दिसली की तो व्हॉल्व्ह संपला. फाटतो तो बहुधा ब्रशमुळे: बाटलीचा ब्रश चोचीत घालून घासला की चीर रुंदावते. साबणाच्या पाण्यात बुडवून बोटांनी हलकं चोळायचं, बस. दिवसातून सात-आठ वेळा पंप चालत असेल तर चार ते आठ आठवड्यांत बदलाच. दूध कमी झालं म्हणून मेथीच्या गोळ्या घेण्याआधी व्हॉल्व्ह बदलून बघा.

दुसरा संशय बॅकफ्लो प्रोटेक्टरवर, म्हणजे दूध नळीत जाऊ न देणाऱ्या भागावर. आतली सिलिकॉनची चकती वाकडी बसली किंवा झाकण अर्धवट दाबलं गेलं की हवा गळते. उघडा, कोरडं करा, सगळीकडून दाबून बंद करा. नळीत पाण्याचे थेंब दिसले तर फनेलपासून सोडवून नळी मशीनला तशीच ठेवा आणि दोन-तीन मिनिटं चालू द्या, वाळते. काळे ठिपके दिसले तर धुवायच्या फंदात न पडता फेकून द्या.

बिलिंगवाली

हे सुटे भागही इन्शुरन्सवर मागता येतात, लोक उगाच खिशातून घेतात. नळी ए४२८१, फनेल आणि त्याचा जोड ए४२८४, बाटली ए४२८५, दूध साठवायच्या पिशव्या ए४२८७. सप्लायरकडे 'रीसप्लाय'ला नाव नोंदवलं की प्लॅनच्या मर्यादेप्रमाणे ठरावीक दिवसांनी पाठवतात. फक्त ते कुठले व्हॉल्व्ह आणि कुठल्या मापाचं फनेल पाठवतात ते बघा. न सांगितल्यास २४चीच थप्पी घरी येते.

ऑथोरायझेशनचं सांगते. ई०६०४ नाकारला जातो तो बहुधा दोन कारणांनी: परवानगी न घेता भाडं सुरू केलं, किंवा 'मेडिकली नेसेसरी' नाही. पहिल्यावर इलाज अवघड, म्हणून डिस्चार्जच्या आधीच हॉस्पिटलच्या लॅक्टेशन विभागाकडून कागद हलवायचे. दुसऱ्यावर डॉक्टरांचं पत्र लागतं. त्यात नुसतं "पंपाची गरज आहे" लिहिलं तर पुन्हा नकार येतो. जन्म कितव्या आठवड्यात, वजन, एनआयसीयूत कधीपासून, बाळ का ओढू शकत नाही, पर्सनल पंप का पुरत नाही, दिवसातून किती वेळा पंप करायचा सल्ला आहे, आणि ई०६०४ आरआर किती महिने हवा, हे सगळं हवं. नकार हाती आल्यापासून १८० दिवसांत प्लॅनकडे अपील, तिथेही नाही म्हणाले तर चार महिन्यांत बाहेरच्या तटस्थ समितीकडे. नेटवर्कमध्ये भाड्याने देणारा कोणीच नसेल तर तेही पत्रात घाला. नेटवर्कमध्ये कोणी नसताना बाहेरून घेतलेल्या प्रिव्हेंटिव्ह सेवेचा भार तुमच्यावर टाकता येत नाही.

अजून एक गुंता. कारण बाळाचं असलं तरी पंपाचा क्लेम आईच्या मेंबर आयडीवर जातो. बाळाच्या नावावर टाकला की हमखास परत. आणि बाळांना प्लॅनवर घालायची मुदत नोकरीच्या प्लॅनमध्ये सहसा जन्मापासून ३० दिवस असते. पंपाच्या नादात ती हुकवू नका, एनआयसीयूचं बिल पंपासारखं नसतं.

शेवगा_शेंग

थोडं अवांतर. काम झाल्यावर इन्शुरन्सचा पंप पुण्याला वहिनीसाठी न्यायचा विचार आहे. वापरलेला चालेल का? आणि तिथल्या विजेवर?

व्हॅक्यूमवाला

अडॉप्टरवर बारीक अक्षरात 'इनपुट' लिहिलेलं असतं. १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असेल तर फक्त पिनेचा जोड लागेल. नुसतं १२० लिहिलं असेल तर तिथल्या २३० वर जळेल. दुसरा योग्य अडॉप्टर घ्यायचा झाला तर व्होल्टेज, अँपिअर आणि पिन तिन्ही जुळायला हवं.

पान्हा

विजेचं झालं, आता माझी हरकत. पर्सनल पंप एफडीएच्या हिशेबाने एकीसाठीच असतो. जुने ओपन सिस्टिमचे पंप असतील, म्हणजे ज्यांत दूध आणि मोटर यांच्यात पडदाच नाही, तर सरळ नाही म्हणा. दुधाचा ओलावा आत जातो, बुरशी धरते, आणि तो भाग उघडून स्वच्छ करता येत नाही. क्लोज्ड सिस्टिमचा धोका कमी असतो, पण शिफारस मी करणार नाही. त्यातून वहिनींनी घेतलाच तर किट पूर्ण नवं हवं, नळ्यांसकट, आणि मोटरने किती ओढ उरवली आहे ते अंगठ्याच्या तपासणीने बघून घ्या.

धुण्याबद्दल विपूत (माझ्या पानावरच्या विचारपुशीत) प्रश्न आले, इथेच लिहिते. भाग सिंकमध्ये टाकायचे नाहीत, वेगळं टब ठेवायचं. गरम पाणी, साबण, मग हवेवर कोरडे. किचनच्या फडक्याने पुसायचे नाहीत. बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान किंवा वेळेआधीचं असेल तर दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळवायचे. न धुता फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा वापरायची युक्ती सगळीकडे फिरतेय, ती एनआयसीयूतल्या बाळांसाठी नाहीच. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस. एनआयसीयूचे नियम याहून कडक असू शकतात, तिथे त्यांचेच पाळा.

रानजाई

प्लॅनला बिलिंगवालीच्या शब्दांत विचारलं. ई०६०३ आणि ई०६०४ दोन्ही वेगवेगळे मिळतात. ई०६०४ एनआयसीयूत भरती असेल तर तीन महिने, पुढे नवं पत्र लागेल. पर्सनलमध्ये अपग्रेड नको, साधा क्लोज्ड सिस्टिमचा मागवतेय. भाड्याचा परत करताना काय बघायचं?

हिशेबी

तीन महिन्यांची तारीख कॅलेंडरवर टाका आणि दोन आठवडे आधीची आठवण लावा. ऑथोरायझेशन संपलं तरी भाडं थांबत नाही, पुढचा महिना थेट तुमच्या कार्डावर पडतो. अनेक ठिकाणी महिना सुरू झाला की पूर्ण महिन्याचं भाडं लागतं, एक दिवस उशीर झाला तरी.

बिलिंगवाली

परत देण्याआधी आठवडाभर रोज एकाच वेळेचं पंपिंग आलटून पालटून दोन्ही पंपांवर करून मिली लिहून ठेव. स्वतःच्या पंपावर सतत कमी निघत असेल तर तेच आकडे डॉक्टरांकडून मुदतवाढीच्या पत्रात घालून घे. देताना मशीनच्या खालच्या सीरियल नंबरचा आणि पॉवर कॉर्डचा फोटो काढ, तारीख आणि सीरियल नंबर लिहिलेली पावती घे. कुरिअरने पाठवलास तर ट्रॅकिंग नंबर जपून ठेव. मग पुढचा ईओबी (इन्शुरन्सकडून येणारा क्लेमचा हिशेब) उघडून बघ: परत केल्यानंतरच्या महिन्याचा ई०६०४ आरआर त्यात दिसला तर आधी सप्लायरला फोन, डिपॉझिट सुटेपर्यंत पावती फेकू नको.